पुलगाव से एक श्रोता

पुलगाव,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

सौ. छायाबाईंना आनंदाबाईचा नमस्कार.

तळेगावला सगळे खुशाल असतील. इकडे थंडी फार आहे. तुरीच्या शेंगा आल्या आहेत, उद्याच्या संक्रांतीला खिचडीत टाकीन. सूनबाई वर्षाली बाळंतपणाला आर्वीला माहेरी गेली, सातवा लागला तिला. गजेंद्र सकाळी दुकान उघडायला जातो तो संध्याकाळी येतो. दिवसभर घरात आम्ही दोघंच, मी आणि तुमचे भाऊ.

फोन का केला नाही असं तुम्हाला वाटेल. घरात फोन दोन. एक गजेंद्रच्या खिशात आणि एक यांच्या. यांचा मागितला तर हे समोर खुर्ची टाकून बसतात. म्हणून पत्र लिहिते. वाचून झालं की फाडून टाका.

छायाबाई, तुमच्या भावाचं काहीतरी चाललं आहे.

दिवाळीनंतर एक दिवस हे वर्ध्याला गेले आणि येताना रेडिओ घेऊन आले. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. सत्तरीला आलेल्या माणसाला बातम्या ऐकाव्याशा वाटल्या, ठीक आहे, म्हटलं. पण सोमवार ते शनिवार तो रेडिओ दिवाणाशेजारी कापड टाकून झाकलेला असतो. कापड निघतं फक्त रविवारी. त्या दिवशी हे सातच्या आत आंघोळ करतात, दाढी करतात आणि धुतलेला सदरा घालतात. दुकानात बसत होते तेव्हा आठ-आठ दिवस दाढी करत नव्हते, आता रेडिओसमोर बसायला दाढी! रेडिओला काय दिसते?

दिल्लीची एक वाहिनी लावतात. तिच्यावर गाणं नावाला नाही, नुसतं बोलणं, तेही हिंदीत. सकाळी कोणी प्राध्यापक चांगले विचार सांगतात. मग बातम्या, मग लोकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या वाचतात. दुपारी कधी डॉक्टर, कधी शास्त्रज्ञ. मागच्या रविवारी एक तास घुबडांवर बोलत होते. त्यानंतर प्रश्नांचा कार्यक्रम, नाटक, पुस्तकवाचन, आणि सांजेला खेळाडूंच्या मुलाखती. हे घुबडंसुद्धा ऐकतात.

ऐकतात असं आपलं मला वाटत होतं. मग मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत बसले. पुरुष बोलत असला की यांच्या हातात पेपर असतो. एक बाई आहे, ती बोलायला लागली की पेपर खाली येतो. दुसऱ्या बाया बोलल्या तर येत नाही. त्या एकीच्याच वेळी.

त्याशिवाय वही आहे. शाळेतल्या पोरांची असते तशी शंभर पानी. हे पाणी भरत होते तेव्हा मी उघडून पाहिली. तुमची शपथ, जे लिहिलं होतं तेच सांगते. "९.१० ला आली. आज आवाज बसला आहे." दुसऱ्या पानावर, "सर्दी अजून गेली नाही. कोणी सुंठ-अदरक देते की नाही." तिसऱ्या पानावर, "आज दोनदा हसली."

माझ्या बाळंतपणात मला ताप होता तर हे दुकान सोडून आले नव्हते. आता दिल्लीतल्या कोणा बाईच्या सर्दीची काळजी.

मी सरळ विचारलं. म्हटलं, "कोन हाये ते बाई?"

"कोनती बाई?"

"रेडिओतली."

"बातम्या ऐकून राह्यलो मी," म्हणाले आणि पेपर वर केला. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते. चाळीस वर्षांचा संसार आहे, मला कळतं.

पुढचं ऐका. पोस्टातून कार्डं आणतात. लिहिताना माझ्याकडे पाठ करून बसतात आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून येतात. एकदा पत्ता दिसला, दिल्लीचा होता.

मी हे कोणाला सांगू? शेजारी सांगितलं तर गावभर होईल. गजेंद्रला सांगितलं तर तो हसेल. तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण आहात, तुमचं ऐकतात.

आणि एक विचारायचं होतं. दिवाळीत हे भाऊबीजेला तुमच्याकडे दोन दिवस राहून आले, त्यानंतरच हे सगळं सुरू झालं. तिकडे काही बोलणं झालं का? म्हणजे रक्षाचं काही निघालं का? आमच्या घरात त्या पोरीचं नाव आठ वर्षांत यांच्यासमोर कोणी काढलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही काढलं असेल तर मला खरं सांगा. मी रागावणार नाही.

पत्राचं उत्तर पाठवा. पाकिटातूनच पाठवा, कार्डावर नको.

तुमची वहिनी,
आनंदा


पुलगाव,
सोमवार, २० जानेवारी २०२५

सौ. छायाबाईंना नमस्कार.

तुमचं पाकीट शनिवारी मिळालं. तुम्ही लिहिलं की रक्षाचं नाव काढलं नाही, दादालाच विचारा. खरं सांगायचं तर वाचून माझा विश्वास बसला नव्हता. "दादालाच विचारा" असं माणूस केव्हा म्हणतो? त्याला काही माहीत असतं तेव्हाच. शनिवारभर मी तुमचं पत्र चार वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी मला तुम्ही काहीतरी लपवता असंच वाटलं. आज तसं वाटत नाही. काल काय झालं ते लिहिते, मग तुम्हाला कळेल.

रविवारी मी नऊ वाजता भजनाला जाते आणि जेवायच्या वेळी येते. काल गेले नाही. गुडघा दुखतो म्हटलं. यांच्या चेहऱ्यावरून समजलं की त्यांना आवडलं नाही. मी स्वयंपाकघरात गहू निवडायला बसले. दार अर्धं लोटून घेतलं.

सातला प्राध्यापक बोलले, रागावर ताबा कसा ठेवायचा. आठला बातम्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी ती आली. स्वच्छ हिंदी, मोकळा आवाज, जरा घोगरा. शहरातल्या बायांसारखा. मी मनात म्हटलं, बोल बाई, बोल.

चिठ्ठ्या वाचू लागली. एक बिहारची, एक कुठल्या तरी फौजीची. आणि मग म्हणाली, "अगली चिट्ठी है पुलगाव, ज़िला वर्धा, महाराष्ट्र से. लिखने वाले ने इस बार भी अपना नाम नहीं लिखा, बस लिखा है, पुलगाव से एक श्रोता."

माझ्या हातातलं सूप खाली आलं.

कार्डात लिहिलं होतं की आपकी आवाज़ पिछले इतवार से अच्छी है, ठंड में पानी गुनगुना पीजिए, और थोड़ा धीरे बोलिए, हमारे यहाँ के बूढ़े लोग पूरी बात पकड़ नहीं पाते. तिने ते वाचलं. वाचताना मधेच थांबली. रेडिओवर कोणी थांबत नाही छायाबाई, एक क्षणही नाही, म्हणून ते थांबणं लगेच कळलं. मग म्हणाली, "श्रोता जी, आप हर हफ़्ते मेरी तबीयत पूछते हैं, पर अपना पता नहीं लिखते. पता लिखेंगे तो मैं भी आपकी तबीयत पूछ सकूँगी."

मी दारातून पाहिलं. हे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, मास्तरांसमोर पोरगा बसतो तसे.

मी काय समजले असेन ते तुम्हीच ठरवा. नवरा परक्या बाईला चिठ्ठ्या लिहितो आणि ती सगळ्या देशासमोर त्याचा पत्ता मागते. मी बाहेर आले आणि म्हटलं, "लाज वाटत नाई का या वयात?"

ते एवढंच म्हणाले, "तू भजनाले जा."

मी गेले नाही. दुपारी ताट वाढून सरकवलं. डॉक्टरांनी साखरेच्या आजारावर सांगितलं, मग प्रश्नांचा कार्यक्रम झाला. तीन वाजता नाटक लागलं. मी भांडी घासत होते, लक्ष नव्हतं.

नाटकात एका गावात जनगणनेचा माणूस येतो. एका घराचं दार वाजवतो. आत एक म्हातारी असते, ती दार उघडत नाही. दाराआडूनच विचारते, तू कोण, कोणी पाठवलं, कागद कोणाचा, शेजारणीने पाठवलं ना? तो सांगून थकतो. मग ती म्हणते, "हाँ बापा, हाँ! सब ऐसे ही कहते हैं." आणि जीभ टाळूला लावून वाजवते. च्यक्.

हिंदीत कोण म्हणतं हो "बापा"?

नळ सुरू होता, तो मी बंद केला. ती म्हातारी बोलत होती आणि मी हातातलं भांडं तसंच धरून ऐकत राहिले. आधी खाकरायचं, मग टोमणा मारायचा, मग च्यक्. दार उघडायच्या आधी पाच प्रश्न विचारायचे. ती मी होते. माझं बोलणं जसंच्या तसं, फक्त हिंदीत. माझी अशी नक्कल एकीलाच करता येत होती. दहा वर्षांची असल्यापासून करून दाखवायची आणि तुमचे भाऊ हसून हसून दिवाणावर लोळायचे.

शेवटी म्हातारी दार उघडते. माणूस विचारतो, घरात किती जण? ती म्हणते, तीन. तो लिहितो. जायला निघतो तर म्हातारी मागून हाक मारते, "ए भैया, चार लिखो. एक बाहर गई है."

मी ओल्या हातांनी बाहेरच्या खोलीत आले. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. मला कळलं हे यांना कळलं, आणि यांना दिवाळीपासून माहीत होतं. रेडिओवर कलाकारांची नावं सांगत होते. रक्षा हे नाव आलं आणि त्यापुढे तिच्या नवऱ्याचं, नागसेनचं आडनाव. चिठ्ठ्या वाचणारी बाईही तीच.

मी म्हटलं, "कवा कळलं तुमाले?"

म्हणाले, "कटिंगच्या दुकानात रेडिओ सुरू होता. दिवाळीच्या आधी. 'नमस्कार' म्हनली, तवाच वळखलं." मग म्हणाले, "चहा टाक."

म्हणजे तुम्ही काही सांगितलं नव्हतं. मी उगाच तुमच्यावर संशय घेतला. माफ करा.

छायाबाई, आता ज्यासाठी झोप उडाली आहे ते. गजेंद्रला पाहायला आर्वीचे लोक येणार होते त्या दिवशी रक्षाचं पाकीट आलं होतं. पोस्टमनकडून ते तुम्हीच घेतलं होतं. तुम्ही म्हणाल्या होत्या, "वयनी, दादाले दाखवजा." मी म्हटलं होतं, पाहुणे जाऊ द्या, मग दाखवते. पुढे तुम्ही विचारलं तेव्हा मी सांगितलं की दाखवलं, ते नाही म्हणाले.

मी दाखवलं नव्हतं. त्यांना आजपर्यंत ठाऊक नाही की तिचं पत्र आलं होतं. पोरीने आपल्या माणसांतलं सोडून लग्न केलं हे आर्वीच्या लोकांना कळलं तर गजेंद्रचं मोडेल, या भीतीने मी ते चुलीत टाकलं. त्यापुढेही एक आहे. ते इथे लिहीत नाही.

हे आज कार्ड लिहायला बसले आहेत. या वेळी पत्ता लिहितील. तिचं उत्तर येईल. उत्तरात ती पहिलं काय लिहील ते मला माहीत आहे.

तुम्ही यांना काही बोलू नका. मी विनंती करते.

आनंदा


पुलगाव,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. रक्षास आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर येत आहे, कारण घरचा पत्ता माझ्याजवळ राहिला नाही. पाकिटावरचं अक्षर पाहून तू फाडून टाकशील अशी भीती आहे. फाडलंस तर फाड, पण आधी वाच. तुझ्या बाबांचं काम आहे.

आम्ही बरे आहोत. गजेंद्रकडे मार्च-एप्रिलमध्ये बाळ येईल. छायाआत्याला डोळ्याचं ऑपरेशन सांगितलं आहे. मी जाडी झाले आहे. हे सगळं मी उगाच लिहिते आहे, मला माहीत आहे.

पुलगावचा तो श्रोता तुझे बाबा आहेत, हे तू ओळखलं असशीलच. त्यांचं अक्षर तुला लहानपणापासून माहीत. तू चिठ्ठी वाचताना थांबलीस, ते मी ऐकलं. मग तू नाव घेऊन का विचारलं नाहीस, हे मी किती दिवस विचार करत होते. आता समजतं. ज्या बाबांनी "येऊ नको" म्हटलं होतं तेच नाव न लिहिता गुनगुने पाणी प्यायला सांगतात, यात काय समजावं माणसाने? तुलाही संशयच आला असेल. कोणी थट्टा करतं, की कोणी पाळत ठेवतं, की बाबांचं डोकं ठिकाणावर नाही.

एकवीस तारखेला मंगळवारी बाबांनी कार्ड लिहून माझ्या हाती दिलं. त्यांना सर्दी झाली होती आणि मला भाजी आणायला जायचं होतं. म्हणाले, "पेटीत टाकजो. आज पत्ता लिहिला." पूर्ण पत्ता होता, घरामागच्या कडुनिंबासकट, आणि फोन नंबर. खाली नाव, रूपराव.

मी ते टाकलं नाही.

पेटीपर्यंत गेले. हात वरही केला. मग कार्ड पिशवीत मेथीच्या जुडीखाली घालून परत आणलं आणि मिरचीपुडीच्या डब्यात ठेवलं. त्या डब्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

सव्वीस तारखेला रविवार होता. दिल्लीची परेड असल्यामुळे तुझा चिठ्ठ्यांचा कार्यक्रम झालाच नाही. बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. ते सातपासून बसले. तोफा झाल्या, पथकं झाली, चित्ररथ झाले. कोणत्या राज्याचा रथ कसा आहे ते माणूस सांगत होता आणि बाबा मान हलवत होते. दर थोड्या वेळाने मला विचारायचे, "आता संपन नं?" बारा वाजले तेव्हा म्हणाले, "जाऊ दे. पुढच्या रविवारी."

पुढचा रविवार म्हणजे काल. काल तू आलीस. चार चिठ्ठ्या वाचल्यास आणि म्हणालीस, "पुलगाव वाले श्रोता जी, दो हफ़्ते से आपकी चिट्ठी नहीं आई. आशा है आप स्वस्थ हैं."

बाबा माझ्याकडे वळले. "कार्ड पोचलं नाई?"

मी म्हटलं, "पोष्टाचं काय सांगता येते."

"तू टाकलं होतं नं?"

"टाकलं."

तुझं बोलणं सुरूच होतं. बाबांनी हात लांबवून रेडिओ बंद केला. तुझ्या वाक्याच्या मधे. दिवाळीपासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं, तू बोलत असलीस की मी फोडणी टाकली तरी त्यांना चालायचं नाही. ते म्हणाले, "पोचलं असन. तिले पत्ता पाह्यजे नव्हता, म्हनायची पद्धत असते रेडिओत. आपनच येडे." आणि उठून रेडिओ कपाटावर ठेवायला लागले. त्यांचा हात पोचत नव्हता. टाचा उंच करून ते तो वर ढकलत होते.

माझ्यानं पाहवलं नाही. मी म्हटलं, "कार्ड मी टाकलंच नाई."

ते वळले नाहीत. म्हणाले, "काऊन?"

मग मी सांगितलं. सगळं, शेवटपर्यंत. तुझं पत्र आलं होतं हेही. त्यांनी रेडिओ दिवाणावर ठेवला आणि समोर बसले.

"काय लिहिलं होतं तिनं?"

मला पाठ होतं. चुलीत टाकायच्या आधी मी तीनदा वाचलं होतं. तू लिहिलं होतं की आई-बाबा, मी सुखात आहे, नागसेन चांगले आहेत, त्यांचे घरचे मला जपतात. गजेंद्रदादाचं जमत आहे असं कळलं. मी घरी येत नाही, तुमच्या मधे येत नाही. फक्त एकदा वर्ध्याला या, कुठेही बसू, एक तास भेटू.

"आन् तू काय केलं?"

"उत्तर लिहिलं."

"तुह्या नावानं?"

मी म्हटलं, "तुमच्या." ते म्हणाले, "शब्द सांग."

मी सांगितले. तुलाही ते पाठ असतील. *तुझे बाबा म्हणतात, आम्हाला एक मुलगी होती, ती आमच्यासाठी गेली. येऊ नको, लिहू नको.*

रक्षा, हे बाबा कधी म्हणाले नव्हते. तू गेलीस त्या दिवशी ते खूप चिडले होते हे खरं. भांडं फेकलं होतं, तेही खरं. पण आठ दिवसांनी मला म्हणाले होते, "करू दे तिच्या मनाचं. ते लिहीन तवा आपन जाऊ." तू लिहिलंस. ते मी त्यांना कळू दिलं नाही. त्यानंतर ते पोस्टमन गल्लीत आला की दारात उभे राहायचे. मला वाटायचं दुकानाचं टपाल पाहतात. वाटायचं म्हणजे मी तसं वाटून घ्यायची. मग एका वर्षाने उभं राहणं बंद केलं.

गजेंद्रसाठी केलं असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण गजेंद्रचं लग्न झाल्यावर मला सांगता आलं असतं. सासरचे काही बोलले नाहीत, त्यांना कळलं तेव्हा वर्षालीच हसून म्हणाली की बाळाच्या आत्याला बोलवा ना बारशाला. तरी मी गप्प. मग भीती गजेंद्रची नव्हती, माझीच होती. बाबा मला काय म्हणतील याची. म्हणून मी सगळ्यांवर नजर ठेवली. छायाआत्या बोलली का, पोस्टमन बोलला का, यांच्या वहीत काय आहे. ज्याच्या मनात चोर असतो त्याला सगळीकडे पावलं वाजतात. मी तुझ्यावरसुद्धा संशय घेतला. तू कोण हे कळायच्या आधी.

बाबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आठ वर्षं पोरीनं मले असा मानूस समजला." मग उठून मागच्या अंगणात गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आलेच नाहीत. आले ते थेट कार्ड मागायला. मिरचीच्या डब्यातून काढलं तेव्हा त्यावर लाल डाग पडले होते. त्यांनी ते पुसलं, पाहिलं, आणि सांगितलं, "हे आता नाई पाठवत. तू लिही. ज्या हातानं ते लिहिलं त्याच हातानं लिही. मी वाचनार नाई."

म्हणून हे पत्र. ते आताही बाहेरच्या खोलीत आहेत. माझ्याशी कालपासून बोललेले नाहीत, पाणी मागतात ते गजेंद्रजवळ. त्यांची चूक नाही. गजेंद्रलाही सकाळी सांगितलं. तो दुकानात गेला, आणि तासाभराने परत येऊन बाबांच्या हाती तिकीट ठेवलं.

पुढचं नीट वाच. बाबा बारा तारखेला बुधवारी सेवाग्रामवरून निघतात, गुरुवारी सकाळी दिल्लीत उतरतात. गाडी आणि डबा पाठीमागे गजेंद्रने लिहिला आहे, त्याचा नंबरही. एकटेच येत आहेत. मला चला म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही. तुझं उत्तर आलं नाही तरी ते येणार आहेत. गजेंद्रला म्हणाले, "रेडिओच्या हापिसाच्या गेटवर बसन. ते कामाले येइनच कवा तरी." नागसेनसाठी सदऱ्याचं कापड घेतलं आहे, दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवरचं. माप माहीत नाही म्हणून दोन सदऱ्यांचं घेतलं. त्यांच्याशी काय बोलायचं याचा सराव करतात, हिंदीत की मराठीत ते ठरत नाही. नागसेन तर आपल्याच हिंगणघाटचे, पण बाबांना ते आठवत नाही इतके ते घाबरले आहेत.

त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, डाव्या. उजवीकडून बोल. साखर आहे, गोळी सकाळी उपाशीपोटी. चालताना थांबतात, दम लागला असं सांगत नाहीत, दुकानाची पाटी वाचत असल्याचं दाखवतात. घाई करू नको.

तू त्यांना विचारशील की तुम्ही खरंच म्हणाला नव्हता का. विचारू नको, रक्षा. त्यांना पुन्हा ते शब्द ऐकवू नको. मी म्हणाले होते. फक्त मी.

त्यांना गेटवर बसू देऊ नको. गाडीवर घ्यायला ये.

माझं काय करायचं ते त्यानंतर, तुला सवड झाली तर.

आई